एकोणतीस कैलासवासी आणि एक डबा

आमच्या घरात एकोणतीस कैलासवासी राहतात, हे मला या जूनमध्ये मोजल्यावर कळलं.

घाबरू नका. राहतात ते भांड्यांवर. आमच्या खानदेशात माणूस गेलं, की त्याच्या गंधमुक्तीला, म्हणजे सुतक फिटायच्या विधीला, जमलेल्या सोयऱ्यांना घरचे लोक एखादं भांडं देतात. कुणी वाटी, कुणी ताटली, हात सैल असेल तर झाकणाचा डबा. भांड्यावर ‘कै. अमुक तमुक यांच्या स्मरणार्थ’ असं कोरलेलं असतं. गोतावळा मोठा असला की भांडी विकत घ्यावी लागत नाहीत, आणि आमचा गोतावळा मोठा आहे. त्यातून मी स्वतः छत्तीस वर्षं धुळ्यात आग्रा रोडवर एका भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसून भांड्यांवर नावं टाकली. तेव्हा त्या एकोणतिसांतले एकोणीस माझ्याच हातचे निघाले. अक्षर ओळखू येतं ना.

मोजायची वेळ आली ती प्राचीमुळे.

प्राची माझी नात, वय दहा. चौथीपर्यंत गल्लीच्या तोंडाशी असलेल्या शाळेत होती. यंदा पाचवीला गावातल्या मोठ्या शाळेत नाव घातलं. मोठी शाळा म्हणजे व्हॅन, दोन गणवेश, बुधवारचे पांढरे बूट, आणि एक छापील यादी. ती यादी हातात पडली आणि माझी सून ज्योत्स्ना अंगात आल्यासारखी कामाला लागली.

ज्योत्स्ना सरकारी दवाखान्यात नर्स आहे. लसीकरणाची मोहीम राबवतात तशी ती घर राबवते. तिनं फ्रिजवर एक कागद चिकटवला. सोमवार गणवेश, मंगळवार वह्या-पुस्तकं, बुधवार कव्हरं, गुरुवार बूट आणि केस, शुक्रवार कपाटाचा खण रिकामा करणे. प्रत्येक कामापुढे माणसाचं नाव. माझ्या नावापुढे ‘बटणं, हूक, नाडी’ असं होतं. माझा मुलगा धर्मेंद्र, त्याच्या नावापुढे कव्हरं.

धर्मा वीज मंडळात आहे. उभ्या पावसात खांबावर चढून तार जोडतो, पण खाकी कागद पाहिला की त्याच्या हाताला घाम सुटतो. बुधवारी संध्याकाळी तो जमिनीवर पसरलेल्या कागदांमध्ये बसला होता आणि एका गणिताच्या पुस्तकाला त्यानं असं कव्हर घातलं की ते पुस्तक उघडेना.

“पप्पा, हे उघडायचं कसं?” प्राचीनं विचारलं.

“गणित आहे बेटा. ते उघडलं नाही तर कुणाचं काही बिघडत नाही,” धर्मा म्हणाला.

“धर्मा!” स्वयंपाकघरातून ज्योत्स्नाचा आवाज आला. दवाखान्यात या आवाजाला पेशंट आपणहून दंड पुढे करतात म्हणे.

मी हूक लावता लावता हसत होते. मला शाळा सुरू होण्याचे हे दिवस लहानपणापासून फार आवडतात. आमच्या वेळी भडगावला आठ भावंडांत तीन दप्तरं होती. दप्तर म्हणजे आईच्या जुन्या लुगड्याची पिशवी. पुस्तकं वरच्या वर्गातल्यांकडून अर्ध्या किमतीला घ्यायची, मागच्या मालकाचं नाव खोडायचं आणि आपलं लिहायचं. माझ्या चौथीच्या भूगोलावर खोडलेली सहा नावं होती. त्यातलं एक नाव ‘पितांबर’ होतं. पुढं मी त्याच नावाच्या माणसाशी लग्न केलं. तो पितांबर हाच का, हे मी त्यांना शेवटपर्यंत विचारलं नाही. नसला असता तर उगाच हिरमोड झाला असता.

तर यादीत शेवटचं कलम होतं: ‘डबा स्टीलचाच असावा. सर्व वस्तूंवर विद्यार्थ्याचे नाव ठळक असावे.’

हे वाचल्याबरोबर ज्योत्स्नानं मांडणीवरून एक डबा काढून टेबलावर ठेवला. “हा आहेच. गेल्या वर्षीचाच चालेल. अजून दहा वर्षं त्याला काही होत नाही.”

प्राचीनं डब्याकडे पाहिलं. मग हातातली पट्टी खाली ठेवली आणि अगदी शांतपणे म्हणाली, “मग मी शाळेत जाणार नाही.”

रडली असती तर आम्ही समजूत घातली असती. ती रडली नाही, म्हणून आम्ही तिघंही घाबरलो.

हळूहळू सगळं बाहेर आलं. गेल्या वर्षी दिवाळीनंतर वर्गातल्या कुणीतरी तिच्या डब्याचं झाकण मोठ्यानं वाचलं. ‘कै. वना नथू बोरसे यांच्या स्मरणार्थ.’ तेव्हापासून ती ‘कैलासवासी’ झाली. हजेरीच्या वेळी बाईंनी “प्राची बोरसे” म्हटलं, की मागच्या बाकावरून आवाज यायचा, “बाई, ती वारली!” मधल्या सुट्टीत दोन मुली तिच्या डब्यापुढे हात जोडून उभ्या राहायच्या. मार्चपर्यंत तिनं डबा दप्तरातून बाहेर काढलाच नाही. पोळी-भाजी नळामागच्या गाईला घालायची.

“आणि मी म्हणत होते, पोरगी वाळली का!” ज्योत्स्ना मटकन खुर्चीत बसली.

“नव्या शाळेत मला कोणी ओळखत नाही,” प्राची म्हणाली. “तिथं मला पहिल्या दिवसापासून प्राची व्हायचंय. एकदा का नाव पडलं, की दहावीपर्यंत जात नाही. त्या अंकिताला अजून ‘उलटी’ म्हणतात, सहलीला फक्त एकदाच झाली होती तिला.”

दहा वर्षांची पोर, पण बोलली ते सोळा आणे खरं. नावाचं असंच असतं. कोरलं की कोरलं. हे मला कुणी सांगायला नको.

आता त्या वना आबांचं सांगते, कारण तो डबा मीच कोरला होता आणि त्याची गोष्ट निराळी आहे. वना आबा म्हणजे माझे चुलतसासरे. एके दिवशी भर दुपारी दुकानाच्या पायरीशी येऊन उभे राहिले. म्हणाले, “हेमलता, एकशे एक डबे काढ. जाड पत्र्याचे. नाव टाक, कै. वना नथू बोरसे.”

मी म्हटलं, “आबा, तुम्ही तर समोर उभे आहात.”

“म्हणूनच आलो. माझ्यामागं माझी पोरं पातळ पत्र्याच्या वाट्या वाटतील. लोक म्हणतील, वना बोरसे हलका माणूस होता.”

एकशे एक डबे त्यांनी एकेक ठोकून पाहिले, नाव टाकून घेतले, पोत्यात भरून गाडीतून गावी नेले. आणि त्यानंतर अकरा वर्षं जगले. दर दिवाळीला माळ्यावरून डबे उतरवायचे, पुसायचे, मोजायचे आणि परत ठेवायचे. पाहुणा आला की त्याला झाकण उघडून दाखवायचे, “बघ, तुला हा मिळणार आहे.” असा तो डबा. फुटणार नाही, वाकणार नाही, आणि मरणार तर मुळीच नाही.

“ठीक आहे,” ज्योत्स्ना उठली. “घरात डबे काय कमी आहेत? दुसरा काढू.”

आणि आम्ही मांडणी खाली उतरवायला घेतली. मी, ज्योत्स्ना, धर्मा, प्राची, आणि भांड्यांचा आवाज ऐकून काय झालं ते पाहायला आलेल्या शेजारच्या लताबाई.

पहिला डबा, ‘कै. चिंधा महादू’. दुसरा, ‘कै. सौ. कमलबाई’. तिसरा, ‘कै.’ चौथा, ‘कै.’

“हा बघ, हा चांगला आहे,” धर्मानं एक छोटा गोल डबा वर धरला.

“‘चि. सौ. कां. हेमलता हिला मामाकडून,’” प्राचीनं वाचलं. “म्हणजे आजीच्या लग्नातला. हा नेला तर म्हणतील माझं लग्न झालंय.”

“ते कैलासवासीपेक्षा बरं ना?” लताबाई म्हणाल्या.

“अजिबात नाही!” प्राची आणि ज्योत्स्ना एकदम ओरडल्या.

डबे, तांबे, वाट्या, पातेली. मी एकेक हातात घेऊन सांगत होते. हे कमलबाईंचं, यांच्या हातचं वांग्याचं भरीत अख्ख्या तालुक्यात कुणाला जमलं नाही. हा कालकथित निकम गुरुजींचा. बौद्ध मंडळी कै. लिहीत नाहीत, कालकथित लिहितात. मी तेवढं न विचारता बरोबर टाकलं म्हणून त्यांच्या मुलीनं मला चहा पाजला होता. हे चिंधा मामा, चालत्या बसमधून उतरायची सवय होती, त्यातच पाय मोडला, पण गेले ते म्हातारपणानंच. बोलता बोलता प्राचीच मोजत होती. गुरुजी धरून एकोणतीस. आणि ज्याच्यावर मेलेल्या माणसाचं नाव नाही असा शाळेत नेण्याजोगा डबा एकही नाही.

“आई, आपण काय घरात राहतो की स्मशानात?” धर्मा म्हणाला आणि त्याला हसू आवरेना. तो हसला तशी लताबाई हसल्या, मग मी, मग ज्योत्स्ना. ती तर डोळ्यांना पदर लावून हसत होती. मधोमध प्राची कमरेवर हात ठेवून उभी, आजूबाजूला सगळे कैलासवासी चकचकत पडलेले. तिच्या ओठांच्या कडा थरथरल्या, पण तिनं हसू फुटू दिलं नाही. तिच्यासाठी ती हसण्याची गोष्ट नव्हतीच.

मग शनिवारी मी आणि प्राची आग्रा रोडला जाऊन नवा डबा घेऊन आलो. दोन कप्प्यांचा, कडीचा, झाकण असं लख्ख की त्यात तिला आपले नवे कापलेले केस दिसत होते. माझं जुनं दुकान आता धाकटे शेठ चालवतात. पायरीवर माझ्या जागी काचेच्या पेटीतलं यंत्र आहे. कॉम्प्युटरवर नाव टाइप करायचं, आत लाल ठिपका फिरतो, नाव तयार. ना आवाज, ना कंप.

“अक्का, तुमच्या नातीचं नाव मी टाकून देतो ना. दोन मिनिटं,” धाकटे शेठ म्हणाले.

प्राचीनं यंत्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “नको. माझी आजी टाकेल.”

मला इतका आनंद झाला की मी रस्त्यात तिला दोन कुल्फ्या खाऊ घातल्या. दुसरी खाताना मात्र मी बोटांवर वर्षं मोजली. निवृत्त होऊन मला नऊ वर्षं झाली होती. तेवढ्या वर्षांत एक अक्षरही कोरलं नव्हतं.

रविवारी दुपारी धर्मानं माळ्यावरून माझं मशीन काढलं. आहे तसं होतं. हातभर वायर, मुठीएवढा गोळा आणि पुढं पोलादी टोक. त्यानं वायर बदलली, पिन लावली आणि बटण दाबलं. टर्रर्रर्र! तो आवाज कानात गेला आणि माझ्या अंगावर काटा आला. छत्तीस वर्षांची लग्नं आणि मयती त्या एका आवाजात होत्या.

मी वना आबांच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सराव केला. अ, आ, प्रा, ची. हात बसला. अक्षर पूर्वीसारखं गोल नाही, पण तोंडवळा तोच. ज्योत्स्ना बाजूला लोणच्याच्या कैऱ्या फोडत होती. उद्या शाळा, फ्रिजवरच्या कागदावर एक सोडून बाकी सगळ्या कामांवर काट मारलेली. प्राची माझ्यासमोर उकिडवी बसून तिखट-मीठ लावलेली कैरीची फोड चोखत होती आणि मशीनकडे टक लावून बघत होती.

“काय टाकू?” मी विचारलं, जसं गिऱ्हाइकाला विचारायची.

“कु. प्राची धर्मेंद्र बोरसे,” गिऱ्हाईक म्हणालं.

मी नवं झाकण मांडीवर घेतलं, टोक टेकवलं आणि त्याच क्षणी दार धाडकन उघडलं.

“ओ माय! कोन गया?”

दारात आक्काबाई. आक्काबाई म्हणजे ज्योत्स्नाची आई, माझी विहीण. पिंपळनेरहून नातीच्या शाळेसाठी आल्या होत्या. डोक्यावर पोतं, काखेत पिशवी, चेहरा पडलेला. गल्लीच्या तोंडाशी त्यांनी मशीनचा आवाज ऐकला. आमच्याकडे तो आवाज एकतर लग्नाचा नाहीतर गंधमुक्तीचा, आणि लग्नाचं निमंत्रण तर आलं नव्हतं.

“कोणी गेलं नाही, आई,” ज्योत्स्ना म्हणाली.

“खरं सांग. मी घाबरत नही.” आक्काबाईंनी पोतं खाली टाकलं. “तुना सासराना तो मोठा भाऊ शे ना, तो का?”

“ते ठणठणीत आहेत. सकाळी फोन आला होता.”

“मंग लताबाईनी सासू?”

“माझी सासू?” लताबाई कुंपणापलीकडून ओरडल्या. “ती मला पोचवून मग जाणार आहे, विहीणबाई!”

“मंग आवाज कसाना? कोन्ही तं गयंच व्हई!”

मी हसत होते आणि माझा हात चालू होता. इकडे आक्काबाई एकेकाचं नाव घेत होत्या. तो गेला का, ती गेली का, भडगावचे ते, साक्रीचे हे. प्रत्येक नावाला ज्योत्स्ना म्हणत होती, आहेत, आहेत. छत्तीस वर्षं मी अशाच याद्या ऐकत नावं टाकली होती. बाजूला लोक मेलेल्यांविषयी बोलत असायचे आणि माझा हात आपोआप चालायचा. तो तसाच आपोआप चालला.

“आजी,” प्राची म्हणाली.

तिचा आवाज ऐकून मी बटण बंद केलं.

‘कै. प्राची धर्मेंद्र बोरसे.’

अक्षर सुरेख आलं होतं. दुकानातही कधी इतकं सुरेख आलं नसेल. क-ला खाली उकार द्यायचा, तर हातानं वर दोन मात्रा दिल्या होत्या, आणि पुढं सवयीनं ठळक टिंब.

ज्योत्स्नाच्या हातातली कैरी विळीवर तशीच राहिली. धर्मानं झाकण हातात घेतलं, वाचलं, पुन्हा वाचलं आणि हळूच उलटं करून ठेवलं, जणू उलटं ठेवल्यानं पुसलं जाईल.

आणि आक्काबाई! त्यांनी झाकण उचललं, डोळ्यांजवळ नेलं आणि एका दमात पोत्याचं तोंड सोडून मीठ-मिरच्या शोधायला लागल्या. “दृष्ट काढा पोरनी! आते काढा!” नातीभोवती तीन फेऱ्या मारेपर्यंत त्यांना काहीतरी आठवलं आणि त्या थांबल्या. “ओ विहीणबाई, तुमना तो वना आबा, त्यानी जिवतपनी कै. टाकेल व्हतं ना? मंग कितला जगना?”

“अकरा वर्षं,” मी कसंबसं म्हटलं.

“मंग! पोरनं आयुष्य वाढनं!” आक्काबाईंचा चेहरा फुलला. “बठ्ठासना, सगळासना नावपुढे कै. टाका. मना बी डबावर टाका!”

लताबाई कुंपणापलीकडे फुटल्या. धर्माचे खांदे हलायला लागले. ज्योत्स्नानं तोंडात पदर कोंबला.

“मला आयुष्य नको,” प्राची म्हणाली. “मला डबा पाहिजे.”

आणि तेव्हा ती रडली. मोठ्यानं नाही. एकेक थेंब कैरीच्या फोडीवर पडत होता.

मला वाटलं, जमिनीनं मला पोटात घ्यावं. पोरीनं काचेच्या पेटीतलं यंत्र सोडून माझ्या हातावर विश्वास टाकला आणि माझ्या हातानं तिला उद्यासाठी तेच नाव दिलं ज्याच्यापासून ती पळत होती. धर्मा म्हणाला, घासून काढू. मी मान हलवली. नव्या स्टीलवर घासलं तर तिथं पांढरा डाग पडतो आणि कै. आणखी उठून दिसतो, हे मला माहीत होतं. ज्योत्स्ना म्हणाली, दुसरा आणू. पण रविवारी दुपारनंतर दुकान बंद. उद्या सात वाजता व्हॅन. आणि आणला असता तरी कुणाला नाव टाकायला सांगणार? माझ्या हातावर आता माझाच विश्वास नव्हता.

प्राचीनं नाक पुसलं. रडता रडताही तिनं कैरी चोखणं सोडलं नव्हतं. लहानपणापासून तिचं तसंच आहे. दात येत होते तेव्हासुद्धा ही पोर आंब्यापेक्षा कैरीला हात घालायची. तिखट लागलेला हात तिनं गालावरून फिरवला, गाल झोंबला, “आई गं” म्हणून ती फोड खाली ठेवायला गेली आणि ती फोड नेमकी झाकणावर ठेवली. कै. आणि प्राची यांच्या मधल्या जागेवर.

मी त्या जागेकडे पाहिलं.

दुकानाची शिस्त अशी, की कै. नंतर बोटभर जागा सोडायची. मोठ्या शेठनी शिकवलं होतं. गेलेल्या माणसाच्या नावाला गर्दी करू नये. ती बोटभर जागा तिथं होती. एका अक्षराची. पण आता मी हात लावणार नव्हते, विचारल्याशिवाय तर नाहीच.

“प्राची,” मी म्हटलं, “ही फोड उचल आणि वाच.”

“वाचलंय मी.”

“नाही, नीट वाच. कै. मग जागा आहे. त्या जागेवर आत्ता काय ठेवलं होतंस?”

“कैरी,” ती म्हणाली. मग तिची भुवई वर गेली. तिनं झाकणाकडे पाहिलं, फोडीकडे पाहिलं, पुन्हा झाकणाकडे. “कै... री.”

“एक ‘री’ बसतो,” मी म्हटलं. “टिंब ‘री’च्या पायात मिसळून जाईल. पण वर्गात तुला कैरी म्हणतील. दहावीपर्यंत. नीट विचार कर. कोरलं की कोरलं.”

तिनं खरंच विचार केला. आम्ही चौघं मोठी माणसं श्वास धरून तिच्याकडे पाहत होतो आणि कुंपणावर लताबाई टाचा उंच करून उभ्या होत्या.

“कैरी म्हणू देत,” ती शेवटी म्हणाली. “कैरी मला आवडते. आणि कैरीला कोणी हात जोडत नाही.” मग म्हणाली, “पण री मी टाकणार.”

“तू?”

“तुझा हात चुकतो,” ती म्हणाली. बोलायला पोर अशी.

मी तिला मांडीवर घेतलं. दहा वर्षांची वाढलेली पोर, कशीबशी मावली. तिच्या हातावर माझा हात ठेवला आणि बटण दाबलं. मशीन टर्रर्र करताच ती दचकली, मग खिदळली, कारण त्याचा कंप काखेपर्यंत जातो आणि गुदगुल्या होतात. आधी ‘र’ची वळणदार शेपटी, ती टिंबाच्या पोटातून गेली. मग काना, मग वेलांटी. वेलांटी मोठीच झाली. ती क-च्या मात्रांवर जाऊन टेकली, जणू कुणी डोक्यावर छत्री धरली आहे.

‘कैरी प्राची धर्मेंद्र बोरसे.’

माझी अक्षरं सरळ, तिचा ‘री’ तिरपा. आक्काबाईंनी झाकण उलटंसुलटं करून पाहिलं आणि दोन्ही हात नातीच्या गालांवरून फिरवून बोटं मोडली. धर्मानं फ्रिजवरच्या कागदावर शेवटची काट मारली आणि त्या आनंदात स्वतःच्या बोटालाही शाई लावली. मग आम्ही सगळ्यांनी उरलेल्या कैऱ्या खाल्ल्या. लोणच्याला अर्ध्याच उरल्या, पण त्या दिवशी कुणी काही बोललं नाही. ज्योत्स्नासुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात जी धावपळ झाली ती काय सांगू. एक मोजा सापडेना, तो धर्माच्या पायात निघाला. गणिताचं पुस्तक अजून उघडत नव्हतं. आक्काबाईंनी पिंपळनेरहून आणलेल्या भुईमुगाच्या शेंगांनी दप्तराचे सगळे खिसे भरले, ते ज्योत्स्नानं रिकामे केले, ते आक्काबाईंनी परत भरले. व्हॅन आली. प्राची चढली. खिडकीतून तिनं डबा वर करून मला दाखवला आणि मी सकाळचा चहा तसाच ठेवून दुपारी बारापर्यंत घड्याळ बघत बसले.

दुपारी ती आली तेव्हा मी फाटकाशीच उभी होते.

“काय म्हणाले?” मी विचारलं.

“कैरी म्हणाले,” प्राची म्हणाली. दप्तर एका खांद्यावर, केस विस्कटलेले. “बाईंनी पण म्हटलं. मी पहिल्या बाकावर आहे. आणि आजी, डबा संपला! सगळ्यांनी खाल्ला. उद्या कैरी घालून दे, सगळ्यांना. आणि ही रेशमा.”

तिच्या मागे एक बारीकशी मुलगी उभी होती, दोन घट्ट वेण्या, हातात जुना स्टीलचा डबा. जाड पत्र्याचा नव्हता, पण पुसून लख्ख केलेला. तिनं तो दोन्ही हातांनी पुढे केला. झाकणावर लिहिलं होतं, ‘कै. निंबा यांच्या स्मरणार्थ’. अक्षर माझंच.

“आजी, हिला पण ‘री’ पाहिजे,” प्राची म्हणाली. “मी टाकेन.”

“अगं, हे हिच्या आजोबांचं नाव असेल,” मी म्हटलं. “असं कुणाच्या गेलेल्या माणसाच्या नावात काही घुसडायचं नसतं. घरी विचारलंस का गं, रेशमा?”

“आमची आजी शाळेत घ्यायला आली होती, तिला विचारलं. ती पण आमच्याबरोबर व्हॅननं आली, कोपऱ्यावर उभी आहे.” रेशमा हळूच म्हणाली. “ती आधी खूप हसली. मग म्हणाली, टाक म्हणावं. आबांना लोणच्याशिवाय घास उतरायचा नाही.”

मी कोपऱ्याकडे पाहिलं. माझ्याच वयाची एक बाई पदर डोक्यावर घेऊन उभी होती. तिनं हात हलवला. मीही हलवला.

मशीन अजून पिनला लावलेलंच होतं. पाच मिनिटांत ‘री’ पडला, कालच्यापेक्षा सरळ. आक्काबाईंनी झाकण हातात घेतलं, एकेक अक्षर लावून मोठ्यानं वाचलं, “कैरी... निंबा... यांच्या... स्मरणार्थ,” आणि त्या ओट्यावर बसल्याच.

“ओ माय,” त्या हसता हसता म्हणाल्या, “आते लोनचानी बी गंधमुक्ती व्हयनी!”